करवतीच्या एका रेषेतून सात वार वेगळे कसे काढायचे: शीटमधल्या डेटाचे वारानुसार चार्ट

रोजचा आकडा ठेवणाऱ्या कुठल्याही शीटचा (एक्सेल, गूगल शीट्स, काहीही) सरळ लाइन चार्ट काढून बघा, करवतीसारखा दिसतो. रोज किती पावलं चाललो, वेबसाइटवर किती जण आले, किती फोन आले, काहीही घ्या, वर-खाली वर-खाली दात आणि त्यातून कळत काहीच नाही. कारण त्या एका रेषेत सात वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. सोमवारचा स्वभाव वेगळा, रविवारचा वेगळा, आणि आपण त्यांना ओळीने उभं करून रेघ मारतो.

मी बरेच दिवस हे चुकीच्या पद्धतीने करायचो (ती पद्धतही खाली सांगतो, कारण नेटवर सगळीकडे तीच सापडते). मग लक्षात आलं की चार्टच्या मागे लागायचंच नाही. आधी एक ग्रिड बनवायचा, आडवे सात वार आणि उभे आठवडे, म्हणजे अगदी भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा. तो एकदा नीट झाला की बाकीचे चार्ट त्यातून आपोआप निघतात.

उदाहरणासाठी रोजच्या पावलांचा डेटा धरू. ए कॉलममध्ये तारीख, बी मध्ये पावलं, पहिली रो हेडिंगची. १ जानेवारी २०२४ ते २४ मार्च २०२४, म्हणजे बरोबर ८४ दिवस, १२ आठवडे. १ जानेवारी २०२४ ला सोमवार होता म्हणून हीच सुरुवात घेतली, सोयीचं पडतं. आणि हो, फॉर्म्युले इथे देवनागरीत लिहिलेत, टाइप करताना फंक्शनची नावं, कॉलमची अक्षरं आणि आकडे इंग्रजीतच टाकायचे. तुमच्या सेटिंगमध्ये स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम लागत असेल तर तो टाका.

आधी तारखा तपासा, खरंच तपासा

ही पायरी सगळे गाळतात आणि नंतर इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. शीटसाठी तारीख म्हणजे नुसता एक नंबर असतो. १ जानेवारी २०२४ म्हणजे ४५२९२. आपल्याला दिसते ती तारीख हा फक्त त्या नंबरावर चढवलेला कपडा. पण डेटा दुसरीकडून कॉपी करून आणला असेल तर कधी कधी तो नंबर नसतोच, तारखेसारखं दिसणारं टेक्स्ट असतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे टेक्स्ट सेलच्या डावीकडे चिकटतं आणि खरी तारीख उजवीकडे, अर्थात कोणी अलाइनमेंट बदलली नसेल तर. खात्रीच करायची तर शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये =इझनंबर(ए२) टाकून खालपर्यंत ओढा, सगळीकडे ट्रू आलं पाहिजे.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे दिवस आणि महिना यांची अदलाबदल. फाइलमध्ये ०३/०४/२०२४ लिहिलंय, तुमच्या मते ३ एप्रिल, पण शीटची सेटिंग महिना आधी वाचणारी असेल तर ते ४ मार्च होतं. ३ एप्रिल २०२४ ला बुधवार आणि ४ मार्चला सोमवार, म्हणजे बुधवारचा आकडा गुपचूप सोमवारच्या खात्यात जमा, आणि एरर वगैरे काही येत नाही. १२ पेक्षा मोठा दिवस असेल तर मात्र तसा महिनाच नसल्यामुळे ती तारीख टेक्स्ट म्हणूनच राहते. म्हणून इझनंबरच्या कॉलममध्ये थोडे ट्रू थोडे फॉल्स असं मिश्रण दिसलं, त्यातही प्रत्येक महिन्याच्या १३ तारखेपासून फॉल्स सुरू होत असेल, तर समजून जा काय झालंय ते. अशा वेळी फक्त फॉल्सवाले सेल दुरुस्त करून उपयोग नाही, कारण जे ट्रू दिसतायत तेच चुकीचे आहेत. मूळ फाइल परत घ्या. एक्सेलमध्ये तारखेचा कॉलम आधी टेक्स्ट म्हणून आणा, मग डेटा मेनूत टेक्स्ट टू कॉलम्स, शेवटच्या पायरीला डेट निवडून डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष). गूगल शीट्समध्ये फाइल, सेटिंग्ज, लोकॅल (देशाची सेटिंग) बरोबर करा आणि मग इम्पोर्ट करा, उलट क्रमाने केलं तर फायदा नाही.

तारखेसोबत वेळही असेल तर =इंट(ए२) ने वेळ कापून टाका, नाहीतर पुढे तारखा जुळणारच नाहीत. आणि इथे एक विचार करायचा: शनिवारी रात्री साडेबाराला झालेली नोंद कुठल्या वाराची? कॅलेंडर म्हणतं दुसऱ्या दिवसाची, पण माणसाच्या हिशोबात ती शनिवारची रात्रच असते. तुमच्या कामात असं होत असेल तर =इंट(ए२-४/२४) करा, म्हणजे दिवस पहाटे चारला बदलेल. तसंच सर्व्हरवरून आलेल्या वेळा बहुतेकदा दुसऱ्या टाइम झोनमधल्या असतात, जितक्या तासांचा फरक तितके तास भागिले २४ मिळवून मगच इंट करा.

जुन्या मॅकवरच्या एक्सेल फाइल्समध्ये तारखा १९०४ पासून मोजलेल्या असायच्या. त्यातले आकडे दुसऱ्या फाइलमध्ये चिकटवले की तारीख १४६२ दिवसांनी सरकते. १४६२ ला सातने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे वारही एकाने चुकतो. तारखा चार वर्षं मागच्या दिसल्या तर हे आठवा.

वार काढणं

हे सोपं आहे. =वीकडे(ए२,२) लिहिलं की सोमवारला १ आणि रविवारला ७ मिळतो. तो दुसरा २ विसरलात तर मोजणी रविवारपासून सुरू होते, रविवार १ आणि शनिवार ७. ३ लिहिला तर सोमवार ० आणि रविवार ६. तिन्ही बरोबरच आहेत, फक्त अख्ख्या फाइलमध्ये एकच वापरा.

नाव हवं असेल तर =चूज(वीकडे(ए२,२),"सोम","मंगळ","बुध","गुरु","शुक्र","शनि","रवि"). टेक्स्ट फंक्शनने डीडीडी देऊनही नाव येतं पण ते कॉम्प्युटरच्या भाषेप्रमाणे बदलतं, म्हणून मला चूज जास्त भरवशाचं वाटतं.

आता एक सापळा. ए कॉलममधला सेल रिकामा असला तरी वीकडे काहीतरी उत्तर देतंच, आणि ते उत्तर असतं शनिवार! रिकामा सेल म्हणजे शून्य, आणि शून्य नंबरच्या दिवसाला शीटच्या हिशोबाने शनिवार येतो. मी एकदा फॉर्म्युला डेटाच्या खूप खालपर्यंत ओढून ठेवला होता आणि मग वारानुसार नोंदींची संख्या मोजली, तर शनिवार बाकी सगळ्यांच्या कितीतरी पट. दोन दिवस मी शनिवारी नक्की काय होतं याची कारणं शोधत होतो. तेव्हा =इफ(ए२="","",वीकडे(ए२,२)) असंच लिहायची सवय लावा.

नेटवर सापडणारी पद्धत, आणि ती अर्धवट का पडते

ती अशी: डेटाच्या शेजारी सात कॉलम करायचे, वर १ ते ७ लिहायचं, आणि प्रत्येक सेलमध्ये इफ लावायचं की वार जुळला तर आकडा दाखव नाहीतर काही नको. मग सातही कॉलम चार्टमध्ये टाकायचे. चालते ही पद्धत, पण दोन ठिकाणी डोकं खाते. एक, "काही नको" साठी दोन कोट ("") लिहिले की एक्सेलचा लाइन चार्ट त्याला शून्य समजतो आणि रेषा दर दिवशी तळाशी आपटते. तिथे एनए(), म्हणजे आकडा उपलब्ध नाही अशी खूण, लिहावी लागते. दोन, प्रत्येक कॉलममध्ये सातातले सहा सेल मोकळे, त्यामुळे रेषेऐवजी सुटे ठिपके उरतात किंवा काहीच दिसत नाही, मग चार्टवर राइट क्लिक, सिलेक्ट डेटा, हिडन अँड एम्प्टी सेल्स, तिथे कनेक्ट डेटा पॉइंट्स विथ लाइन चालू करा. एवढं करून शेवटी मिळतं काय, तर एकमेकांत गुंतलेल्या सात रेषा. सरासरी वगैरे काढायची तर परत वेगळं काम.

ग्रिड

एफ२ सेल रिकामा ठेवा, मुद्दाम, का ते पुढे सांगतो. जी१ ते एम१ मध्ये ० ते ६. त्याच्याखाली जी२ ते एम२ मध्ये सोम ते रवि. एफ३ मध्ये पहिल्या सोमवारची तारीख, एफ४ मध्ये =एफ३+७, आणि एफ१४ पर्यंत ओढा, बारा आठवडे झाले. तुमचा डेटा सोमवारी सुरू होत नसेल तर पहिला सोमवार =ए२-वीकडे(ए२,३) ने मिळेल, हे कुठल्याही तारखेवरून त्या आठवड्याचा सोमवार काढून देतं.

आता जी३ मध्ये हा एकच फॉर्म्युला:

=इफ(काउंटइफ्स($ए:$ए,$एफ३+जी$१)=०,एनए(),समइफ्स($बी:$बी,$ए:$ए,$एफ३+जी$१))

डॉलरची चिन्हं जिथे आहेत तिथेच ठेवा आणि उजवीकडे एम पर्यंत, खाली १४ पर्यंत ओढा. अर्थ साधा आहे, आठवड्याच्या सोमवारात ० ते ६ मिळवून तारीख तयार होते, ती तारीख डेटात नसेल तर एनए, असेल तर त्या दिवसाची बेरीज. एका दिवसाच्या दहा नोंदी असल्या तरी त्या इथे एकत्र होतात, आणि हीच गोष्ट पिव्होट टेबलात (डेटाचा सारांश आपोआप काढून देणारं टेबल) हुकते, त्याबद्दल पुढे. इथे वीकडेची गरजही उरत नाही.

एनए का, शून्य का नाही? हे तुमच्या डेटावर आहे. फोन घरी विसरलो म्हणून पावलं नोंदली गेली नाहीत तर तो दिवस माहीत नाही, शून्य नाही. पण वेबसाइटवर कोणी आलंच नाही म्हणून त्या दिवसाची रो नसेल तर ते खरंखुरं शून्य, मग इफ आणि काउंटइफ्स काढून नुसतं समइफ्स ठेवा. हा निर्णय शीट घेत नाही, तुम्हालाच घ्यायचाय, आणि सरासरीत याने बराच फरक पडतो. गूगल शीट्सवाल्यांनी एनए() ऐवजी ती जागा दोन स्वल्पविरामांच्या मध्ये मोकळी सोडली तरी चालतं, सेल खरोखर रिकामा राहतो.

आठवड्याला नंबर द्यायच्या फंदात पडू नका. वीकनम फंक्शन वर्षाच्या शेवटी आठवड्याचे दोन तुकडे करतं, थोडे दिवस जुन्या वर्षाच्या शेवटच्या नंबरात आणि उरलेले नव्या वर्षाच्या १ मध्ये. सोमवारची तारीख हीच आठवड्याची ओळख ठेवली की ही भानगडच नाही.

सरासरीचा चार्ट

ग्रिडच्या खाली थोडी जागा सोडा. जी२० मध्ये =ॲव्हरेजइफ(जी३:जी१८,">=०") आणि एम पर्यंत ओढा. साधं ॲव्हरेज इथे चालणार नाही, एकही एनए असला तर उत्तरच एनए येतं. ॲव्हरेजइफ एररवाले सेल वगळतं आणि रिकाम्या रो पण वगळतं. मग जी२ ते एम२ आणि जी२० ते एम२० कंट्रोल दाबून एकत्र निवडा, इन्सर्ट, कॉलम चार्ट. उभ्या खांबांचा अक्ष शून्यापासूनच सुरू ठेवा, नाहीतर थोडासा फरक डोंगराएवढा दिसतो.

बेरीज का नाही घ्यायची ते सांगतो. ३१ दिवसांच्या महिन्यात तीन वार पाच वेळा येतात आणि चार वार चार वेळा. ३० च्या महिन्यात दोन वार पाच वेळा. सगळे वार सारखे फक्त २८ दिवसांच्या फेब्रुवारीत. म्हणजे महिन्याची बेरीज घेतली तर काही वारांना काही न करता पंचवीस टक्के जास्त मिळतात, आणि मग कोणीतरी मीटिंगमध्ये बुधवार कसा चांगला चाललाय यावर बोलत बसतं. पूर्ण आठवडे घ्या आणि सरासरी घ्या.

सरासरीलाही एक विचित्र दिवस ओढून नेतो. बारा रविवारांपैकी एका रविवारी दिवसभर डोंगर चढलात की रविवारची सरासरी फुगते. शेजारच्या रो मध्ये मध्यकही (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) काढा, एक्सेल आणि लिबर ऑफिसमध्ये =ॲग्रिगेट(१२,६,जी३:जी१८), यात १२ म्हणजे मीडियन आणि ६ म्हणजे एरर सोडून दे. गूगल शीट्समध्ये सेल रिकामे ठेवले असतील तर साधं मीडियन चालतं. सरासरी आणि मध्यक यांत मोठं अंतर दिसलं की त्या कॉलममध्ये जाऊन कुठला आकडा गडबड करतोय ते बघा.

पिव्होट टेबलने करणार असाल तर

करा, पटकन होतं. गूगल शीट्समध्ये पिव्होटमधल्या तारखेवर राइट क्लिक करून डेट ग्रुपमध्ये वाराचा पर्याय थेट मिळतो. एक्सेलमध्ये ग्रुपमध्ये दिवस, महिने, तिमाही, वर्षं सगळं आहे पण वार नाही, तिथे आधी वाराचा कॉलम करावाच लागतो. नावं मराठीत असतील तर क्रम लागतो गुरु, बुध, मंगळ, रवि, शनि, शुक्र, सोम, बाराखडीप्रमाणे. म्हणून नावाआधी आकडा जोडा, १-सोम, २-मंगळ असं. इंग्रजी नावं असली तर एक्सेल आपल्या यादीप्रमाणे लावतं पण रविवारपासून.

आणि तो हुकणारा मुद्दा: पिव्होटमध्ये सम बदलून ॲव्हरेज केलं की ती रोची सरासरी असते, दिवसाची नाही. एका दिवसाच्या अनेक नोंदी असतील तर ते "एका नोंदीमागे किती" एवढंच सांगतं. आपल्याला हवं होतं "एका सोमवारी किती".

बारा आठवड्यांत वार कसा बदलला

माझ्या मते खरी मजा इथे आहे. सरासरी सांगते की शुक्रवार कमी आहे, पण तो पहिल्यापासून कमी आहे की हळूहळू घसरत आलाय हे ती सांगत नाही.

एफ२ ते एम१४ निवडा आणि लाइन चार्ट टाका. कोपऱ्यातला एफ२ रिकामा असला की एक्सेलला कळतं की एफ कॉलम म्हणजे नावं आहेत, आकडे नाहीत. तिथे "आठवडा" असं काही लिहून ठेवलं आणि एफ मधल्या तारखांना तारखेचा फॉरमॅट नसून नुसते नंबर असले तर तारखाच आठवी रेषा बनून ४५ हजारांवर जाऊन बसतात आणि बाकीच्या सात तळाशी चिरडल्या जातात. हाच डेटा खांबांच्या चार्टमध्ये टाकलात आणि खांब सुतासारखे बारीक आले तर आडव्या अक्षाच्या फॉरमॅटमध्ये जाऊन डेट ॲक्सिसचं टेक्स्ट ॲक्सिस करा. एक्सेल मधल्या सहा दिवसांची जागा रिकामी सोडत असतं, म्हणून तसं होतं.

सात रेषांची सात रंगांची खिचडी कोणालाच वाचता येत नाही. सहा रेषा फिक्या करड्या करा आणि ज्या वाराबद्दल बोलायचंय तेवढाच गडद. किंवा प्रत्येक वाराचा छोटा वेगळा चार्ट काढा. सगळ्यात कमी मेहनतीचा मार्ग स्पार्कलाइन (एका सेलमध्ये मावणारा चिमुकला चार्ट), एक्सेल २०१० पासून आहे: जी१९ ते एम१९ निवडा, इन्सर्ट, स्पार्कलाइन्स, लाइन, डेटा जी३:एम१४. मग ॲक्सिसमध्ये किमान आणि कमाल दोन्हीला सेम फॉर ऑल स्पार्कलाइन्स नक्की द्या, नाहीतर प्रत्येक वार आपापल्या मापाने ताणला जातो आणि आळशी रविवारही शूर दिसतो. गूगल शीट्समध्ये स्पार्कलाइन फंक्शनला वायमिन आणि वायमॅक्स देता येतं. मोठे सात चार्ट काढणार असाल तरी हाच नियम, उभ्या अक्षाचे मिनिमम मॅक्सिमम सातही ठिकाणी हाताने सारखे टाका.

या सगळ्याच्या वरचढ एक चार्ट आहे, सायकल प्लॉट. तयार बटण नाही पण ग्रिड असल्यामुळे पाच मिनिटांचं काम. वेगळ्या शीटवर चार कॉलम घ्या. तिसऱ्यात सोमवारचे बारा आकडे उभे, मग एक रो रिकामी, मग मंगळवारचे बारा, परत रिकामी, असं रविवारपर्यंत, एकूण ९० रो. चौथ्यात त्या वाराची सरासरी बाराही रो मध्ये तीच. पहिल्या कॉलममध्ये वाराचं नाव फक्त गटाच्या पहिल्या रो ला आणि दुसऱ्यात आठवडा १ ते १२. वर एक हेडिंगची रो ठेवा, त्यात पहिल्या दोन कॉलमचे सेल एफ२ सारखेच रिकामे. मग चारही निवडून लाइन चार्ट टाकला की एक्सेल खाली दोन मजली नावं देतं, आणि एकाच चित्रात सात तुकडे, प्रत्येकात त्या वाराचा बारा आठवड्यांचा प्रवास आणि मधून सरासरीची आडवी रेघ. कुठला वार उंच आणि कुठला वार चढतोय, दोन्ही एका नजरेत. रिकाम्या रो मुळे रेषा तुटली पाहिजे, ती जोडली जात असेल तर हिडन अँड एम्प्टी सेल्समध्ये गॅप्स निवडा.

ग्रिडवरच रंग भरायचे असतील तर कंडिशनल फॉरमॅटिंगमधली कलर स्केल वापरा, ती आकड्याप्रमाणे सेलला फिका-गडद रंग देते. मधले एनए तिथे अडचण करू शकतात, म्हणून त्यासाठी ग्रिडची एक कॉपी करून एनए() च्या जागी दोन कोट ठेवा. चार्टला एनए, रंगाला कोट.

सुट्टीच्या दिवसांचं काय ते पण बघा. सुट्टीचा सोमवार वागतो रविवारसारखा, आणि बारात असे दोन आले की सोमवारची सरासरी बिघडते. मूळ डेटात सी कॉलम करून सुट्टीला "सु" लिहा आणि वरच्या फॉर्म्युल्यात काउंटइफ्स आणि समइफ्स दोन्हींच्या शेवटी ,$सी:$सी,"<>सु" जोडा, ते दिवस एनए होऊन बाजूला पडतात. डेटा चारच आठवड्यांचा असेल तर हे करायला हवंच, चारातला एक सोमवार म्हणजे सरासरीचा पाव हिस्सा.

पुढचा आठवडा भरला की एफ१४ ते एम१४ एक रो खाली ओढा. सरासरी आधीच १८ पर्यंत बघतेय, चार्टची रेंज मात्र वाढवावी लागेल. आठवडा अर्धाच झाला असेल तर ओढू नका, रविवार उलटू द्या, नाहीतर सोम-मंगळला तेरा आकडे आणि बाकीच्यांना बाराच.